केरबानं काढलेला सगळ्यांचा फोटो

खैरगावात एक भोळा माणूस होता, त्याचं नाव केरबा. तशी गावात भोळी माणसं पुष्कळ होती, पण कॅमेरा असलेला भोळा तेवढा एकच.

कॅमेरा त्याला मामांकडून आला. दिगंबरमामांचा तालुक्याला चाळीस वर्षं फोटोचा स्टुडिओ होता. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले. फोटो काढणाऱ्याचा हात थरथरला की फोटोतलं माणूसही थरथरतं, आणि गिऱ्हाइकाला ते चालत नाही. मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं, कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला आणि सांगितलं, की लोकांना फोटो म्हणजे गंमत वाटते, पण ती कला आहे. देवाची पूजा करावी तसा फोटो काढावा.

म्हणून केरबा प्रत्येक फोटोच्या आधी आंघोळ करायला लागला.

मामांनी कॅमेऱ्यात रोल कसा भरायचा ते दाखवलं, बटण कुठं दाबायचं ते दाखवलं आणि रोल संपला की लगेच धुवायचा असतो, असंही सांगितलं. केरबानं घरी येऊन छत्तीस फोटो काढले. लिंबाचे काढले, बायकोचे काढले, कोंबडीचे काढले. रोल संपला. मग तो नदीवर गेला. रोल उघडला, साबण लावला, दगडावर चोळला, नाजूक वस्तू म्हणून आपटला मात्र नाही. बायकोच्या लुगड्याशेजारी दोरीवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी घडी करून मामांना नेऊन दिला.

मामांनी ती घडी दोन बोटांनी उचलून उजेडाकडं धरली. मग त्यांनी समजावलं, की रोल धुणं हे औषधाचं काम आहे आणि ते अंधाऱ्या खोलीत त्यांचे तेच करतील. केरबानं काही उघडायचं नाही. जे असेल ते बंदच्या बंद इकडून तिकडं पोचवायचं.

"लक्षात ठेवतो, मामा," केरबा म्हणाला.

आणि लक्षात ठेवण्यात केरबा कधी चुकत नसे. तेवढीच अडचण होती.

केरबाच्या शेजारी धोंडीराम खराड्याचं घर होतं. धोंडीराम, त्याची बायको अनुसया, थोरला मुलगा बबन आणि त्याची बायको, लग्नाला आलेली मुलगी शेवंता, आणि धोंडीरामाची आई बयाबाई. बयाबाई ऐंशीच्या पुढं गेलेली. केरबाची आई तो लहान असतानाच वारली, तेव्हा त्याला दोन्ही वेळचे घास बयाबाईनंच भरवले होते. त्यामुळं केरबा आंघोळ करून कॅमेरा घेऊन निघाला की त्याचे पाय पहिल्यांदा त्याच घराकडं वळत.

बयाबाईचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. तिचा नवरा गेला, त्याचाही नव्हता. ती म्हणायची, की म्हाताऱ्याचं नाक आठवतं, मिशा आठवतात, आवाज तर रोज ऐकू येतो, पण सगळं मिळून तोंड काही तयार होत नाही. असं पुन्हा कुणाचं होऊ नये. घरातल्या सगळ्यांचा मिळून एक फोटो असावा आणि तो भिंतीवर असावा, एवढी एकच तिची इच्छा राहिली होती.

बबनला मुलगा झाला. बारशाला पाहुणे जमले. धोंडीरामानं केरबाला बोलावलं, म्हणाला, फटकन एक फोटो काढ, पानं वाढायची आहेत. केरबाला ते 'फटकन' आवडलं नाही, कारण ही कला होती. मामांनी निघताना सांगितलं होतं, की फोटोतल्या माणसांना आधी ठणकावून सांगायचं, मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही. केरबानं अंगणात अठरा माणसं उभी केली आणि तसं ठणकावून सांगितलं. अठराच्या अठरा गप्प झाली. बटण दाबलं. फोटो निघाला. मामांनी सांगितलेलं सगळं करून झालं, तेव्हा केरबानं कॅमेरा पिशवीत घातला आणि तो घरी जाऊन झोपला.

अंगणात अठरा माणसं उभी होती. आधी त्यांना वाटलं, केरबा दुसरा रोल आणायला गेला असेल. मग वाटलं, फोटो अजून आत शिजत असेल. चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, अनुसयानं नुसते डोळे तिकडं फिरवले. कावळ्यानं ताटातली करंजी उचलली, ती सगळ्यांनी बघितली. बाळ तेवढं हातपाय हलवत होतं, कारण त्याला कुणी नीट समजावलं नव्हतं. बयाबाईचे सगळ्यात हाल झाले. केरबानं ठणकावलं तेव्हा ती बाळाला तीट लावायला वाकली होती. ती वाकलेलीच राहिली.

तासाभरानं केरबाच्या बायकोला कुंपणापलीकडून धोंडीरामाची हाक आली, की केरबाला उठव आणि विचार, हलू का.

फोटो आला. त्यात बयाबाईची नुसती पाठ होती आणि बाकीचे पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत होते. मामांनी कपाळाला हात लावला. त्यांनी केरबाला सांगितलं, की माणसांना काही सांगायचंच नाही. सांगितलं की माणसाचं लाकूड होतं. माणूस आपल्या नादात असताना, त्याला कळायच्या आत फोटो घ्यायचा. खरी कला तीच.

"लक्षात ठेवतो, मामा," केरबा म्हणाला.

थोड्या दिवसांनी शेवंतासाठी सोनवडचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरचं दूधदुभतं. मध्यस्थानं मुलीचा फोटो मागितला. अनुसयानं शेवंताला हिरवी साडी नेसवली, केसांत अबोली माळली आणि ओसरीत खुर्चीवर बसवलं. केरबाला निरोप गेला. शेवंता दुपारपर्यंत बसून राहिली, अबोली सुकली, केरबा काही आला नाही.

केरबा आला होता. तो कडब्याच्या गंजीआड बसला होता. मुलगी नटून बसली आहे म्हणजे तिला कळलेलं आहे, आणि कळलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा नाही, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. तो तीन दिवस गंजीआड बसला. रोज आंघोळ करून बसला. चौथ्या दिवशी म्हशीनं दावं तोडलं आणि ती शेजारच्या मक्यात घुसली. शेवंता पदर खोचून, हातात काठी घेऊन, केस सुटलेले अशी तिच्या मागं धावली आणि तिनं म्हशीच्या मालकासकट सगळ्यांचा उद्धार केला. म्हशीचा मालक म्हणजे तिचा बापच. तेवढ्यात केरबानं बटण दाबलं.

मामांनी रोल धुतला आणि तो फोटो बघून ते खूश झाले. ही पोरगी कोण आणि फोटो कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी तो पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. केरबानं ते बंदच्या बंद मध्यस्थाकडं पोचवलं. अनुसयानं दाखव म्हणून किती विनवलं, पण उघडायचं नाही म्हणजे नाही. पाकीट सोनवडला गेल्यावर त्यानं तिला सगळं तोंडी सांगितलं. तोंड कसं आलंय, काठी कशी आलीय, म्हैस कशी अर्धीच आलीय.

अनुसया आठ दिवस जेवली नाही. धोंडीराम तालुक्याला जाऊन मामांशी भांडून आला. मामांनी केरबाला समोर बसवलं आणि सांगितलं, की असा फोटो काढताना तोंडाला पावडर लावावी, केस विंचरावेत, खुर्चीवर बसवावं, शेजारी फुलदाणी ठेवावी आणि ओठांवर हलकं हसू आलं की मगच बटण दाबावं.

"लक्षात ठेवतो, मामा," केरबा म्हणाला.

नवव्या दिवशी सोनवडहून निरोप आला, की मुलगी पसंत आहे. मुलाच्या आईचं म्हणणं होतं, की आतापर्यंत चौदा फोटो बघितले, चौदाही पोरी फुलदाणीशेजारी बसलेल्या, कुणाचं काही कळेना. हिचा निदान आवाज चांगला दिसतोय. घरात सहा म्हशी आहेत, अशीच पाहिजे.

लग्न ठरलं. पण त्याआधी धोंडीरामाला म्हशीचा विमा उतरवायचा होता, आणि विम्याच्या साहेबाला म्हशीचा फोटो हवा होता. आता कुणीही म्हणेल, की धोंडीरामानं पुन्हा केरबाला कशाला बोलवायचं. पण गावात दुसरा कॅमेरा नव्हता. शिवाय म्हशीच्या फोटोत काय बिघडणार, असं म्हणून धोंडीराम शेतावर निघून गेला.

केरबानं आंघोळ केली, मग म्हशीला घातली. तिला पावडर लावायला घेतली. म्हशीचं तोंड मोठं असतं हे त्याला त्या दिवशी नीट कळलं. शेवंताचा डबा संपला, मग बबनच्या बायकोचा संपला, मग बाळाचा संपला. शेपटीचा गोंडा विंचरला. धोंडीरामाची लाकडी खुर्ची आणून तिला बसायला सांगितलं. म्हैस बसेना. केरबानं मागून खुर्ची लावली आणि पुढून ढकललं. म्हैस बसायच्या आधी खुर्ची बसली. फुलदाणीतली फुलं म्हशीनं खाल्ली. एवढं सगळं होऊनही ती हसेना. केरबा तिच्यासमोर दुपारपर्यंत कॅमेरा धरून उभा राहिला. शेवटी तिला कसला तरी वास आला असेल, तिनं मान वर करून वरचा ओठ उचलला. केरबाला ते हलकं हसू वाटलं.

विम्याच्या साहेबानं कागद परत पाठवले. अर्जात म्हैस काळी लिहिली आहे आणि फोटोत गोरी आहे, तरी खुलासा करावा, असं त्यावर लिहिलेलं होतं.

मामा आता केरबावर ओरडत नव्हते. दमले होते. ते म्हणाले, की अशा फोटोत तोंडाला कोण विचारतो. कान बघतात, कानात बिल्ला असतो. कानावरूनच ओळख पटते. आधी डावा कान घ्यायचा, मग उजवा कान घ्यायचा, की काम झालं.

"लक्षात ठेवतो, मामा," केरबा म्हणाला.

शेवंताचं लग्न थाटात झालं. बयाबाईचा धाकटा मुलगा गणपा बायको आणि दोन पोरांना घेऊन आला. तो आसामात ट्रक चालवायचा. सहा वर्षांनी घरी येत होता आणि चौथ्या दिवशी परत जाणार होता. केरबा तर पहाटेच आंघोळ करून मांडवात हजर होता. या वेळी त्यानं कुणाला उभं करून ठेवलं नाही, कुणाला पावडर लावली नाही, की गंजीआड बसला नाही. तो फक्त माणसांच्या अगदी जवळ जायचा, बाजूनं वाकायचा आणि बटण दाबून पुढच्याकडं जायचा. लोक म्हणाले, केरबा सुधारला.

फोटो आले ते सगळे कानांचे होते. छत्तीस कान. नवरीचा डावा कान, झुबा घातलेला. नवरीचा उजवा कान. नवऱ्याचा कान मुंडावळीच्या आड. भटजींचा कान, त्यावर पेन्सिल. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता पडलेले दोन कान, ते कुणाचे यावर घरात दुपारभर वाद झाला. सोनवडचे व्याही शिष्टाचार सांभाळणारे गृहस्थ होते. त्यांनी एवढंच विचारलं, की आमचं तोंड कुठं आहे.

"ओळख पटली ना?" केरबानं विचारलं.

व्याह्यांनी फोटो पुन्हा बघितला. कान त्यांचाच होता.

बयाबाई मात्र गणपाचा डावा कान हातात धरून ओसरीत बसली होती. उद्या सकाळी अकराच्या गाडीनं तो जाणार, मांडवपरतणीला आलेली शेवंताही नवऱ्याबरोबर सासरी जाणार. पुन्हा सगळे कधी जमतील, आणि जमतील तेव्हा आपण असू का, हे तिनं बोलून दाखवलं नाही. पण केरबानं तिच्या हातातला फोटो बघितला, तिच्याकडं बघितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं तो पुन्हा मामांकडं गेला.

या वेळी त्यानं स्वतःच विचारलं, की मामा, घरातल्या सगळ्यांचा मिळून फोटो कसा काढायचा, तेवढं एकदा सांगा.

मामांच्या कपाटात फिल्मचा एक तुकडा उरला होता. एकाच फोटोपुरता. तो त्यांनी अंधारात थरथरत्या हातांनी कॅमेऱ्यात भरला. बाहेर येऊन ते बराच वेळ विचार करत बसले. काय सांगितलं तर हा पोरगा चुकणार नाही, याचा विचार करत होते. शेवटी म्हणाले, "केरबा, आतापर्यंत सांगितलेलं सगळं विसर. एकच लक्षात ठेव. घरातलं एकही माणूस फोटो काढताना बाजूला राहता कामा नये. सगळे एका रांगेत, खांद्याला खांदा लावून. मोजून घे."

"विसरतो, मामा," केरबा म्हणाला. "आणि लक्षात ठेवतो."

सकाळी दहाला अंगणात कोवळं ऊन होतं. मधोमध खुर्चीवर बयाबाई, नवं लुगडं नेसून. एका बाजूला धोंडीराम, अनुसया, बबन, त्याची बायको आणि तिच्या कडेवर बाळ. दुसऱ्या बाजूला गणपा, त्याची बायको, दोन पोरं, शेवंता आणि जावई. गणपाची ट्रंक दाराशी बांधून ठेवलेली. केरबा समोर उभा राहिला. त्यानं बोटानं मोजलं. बारा. पुन्हा उलटीकडून मोजलं. बारा. घरात जाऊन कुणी राहिलं नाही ना, ते बघून आला. पलंगाखालीही बघितलं. मग त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

तेव्हा बयाबाई म्हणाली, "बारा कुठले रे लेका? तेरा. तू काय परका आहेस का?"

केरबानं कॅमेरा खाली घेतला. इतकी वर्षं तो या अंगणात वाढला, पण असं मोजून त्याला कुणी घरात धरलं नव्हतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं. म्हणजे एक माणूस बाजूला राहत होतं. मामांनी नेमकं तेच सांगितलं होतं, आणि तो नेमकं तेच चुकणार होता.

तो कॅमेरा घेऊन सरळ चालत आला आणि बयाबाई आणि गणपाच्या मध्ये खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

गणपानं विचारलं, आता बघायचं कुठं. केरबा म्हणाला, समोर. तेराच्या तेरा माणसं समोर रिकाम्या अंगणाकडं बघू लागली. कॅमेऱ्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळं असंही करत असतील, असं सगळ्यांना वाटलं. गणपाच्या धाकट्या पोरीला हसू फुटलं, मग शेवंताला, मग बयाबाईलाही. कुणी लाकूड झालं नव्हतं, कुणी नटून अवघडलं नव्हतं, सगळ्यांच्या तोंडावर छान ऊन पडलं होतं. केरबानं समोर बघत बटण दाबलं.

अकराची गाडी वेळेवर आली. गणपा गेला, शेवंता गेली.

मामांनी फोटो धुतला आणि ओला कागद हातात धरला. त्यात अंगण होतं. कुंपण होतं, कुंपणाला टेकवलेली बबनची सायकल होती, शेणानं सारवलेल्या जमिनीवर लिंबाची नाजूक सावली होती. माणूस एकही नव्हतं.

"तू कुठं उभा होतास?" मामांनी विचारलं.

केरबानं सांगितलं.

मामांचे हात आधीच थरथरत होते, आता खांदेही थरथरायला लागले. ते रडतायत की हसतायत, हे केरबाला कळेना. डोळे पुसून ते म्हणाले, की चाळीस वर्षं कला कला केली, पण असं ऊन आपल्याला एकदाही सापडलं नाही. त्यांनी तो फोटो मोठा करून दिला. काचेची चौकट आपल्या पदरची लावली.

घरी सगळे चौकटीभोवती जमले. धोंडीरामानं फोटो बघितला, काच पुसली, पुन्हा बघितला. त्याच्या मानेची शीर फुगत चालली. बयाबाईनं चौकट आपल्याकडं मागून घेतली आणि डोळ्यांजवळ धरली. तिचा चेहरा पडला. एवढीच एक गोष्ट तिनं मागितली होती. तिनं केरबाला विचारलं, की यात आम्ही कुठं आहोत.

केरबानं समजावून सांगितलं. सगळे होते. त्यानं दोनदा मोजले होते. तेराच्या तेरा खांद्याला खांदा लावून फोटोला हजर होते, एकही बाजूला राहिलं नव्हतं.

म्हातारीनं चौकट पुन्हा डोळ्यांजवळ धरली. मग तिचं पोट हलायला लागलं. ती इतकी हसली, की अनुसयानं धावत जाऊन पाणी आणलं. ते बघून धोंडीरामाची शीर उतरली आणि तोही भिंतीला टेकून हसायला लागला. बयाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हजर होते ना सगळे? मग झालं तर. लाव तो भिंतीवर. माझ्या जेवणाच्या पाटासमोर लाव."

केरबाला फार बरं वाटलं. त्यानं स्वतः हातोडी आणली, स्वतः खिळा ठोकला, स्वतः चौकट टांगली. दोन पावलं मागं येऊन सरळ आहे का ते बघितलं.

चौकट सरळ होती. फोटोचं तोंड भिंतीकडं होतं आणि घराकडं पाठीमागचा पुठ्ठा.

धोंडीरामानं विचारलं, की अरे, हे काय केलंस.

"दादा, आपण सगळे कॅमेऱ्याच्या मागं उभे होतो ना," केरबा म्हणाला. "मग पुढची बाजू लावून माणसं दिसतील कशी?"